लाल धागा

पिकअप थांबली तिथून पुढं दोन तासांचा चढ.
माझ्या पाठीवर मातीच्या नमुन्यांच्या पिशव्या,
खिशात फॉर्म, अठरा पानांचा.
दोन्या मिकाएला हिरोन पुढं चालत होती
रबरी बुटांत, न थांबता,
आणि मी झाडं बघायच्या निमित्तानं
दर वळणावर दम खात होतो.

"गेल्या तीन वर्षांत बंदी असलेलं काही वापरलं?"
हा प्रश्न चौथ्या पानावर आहे.
चिआपासच्या या डोंगरात शंभरेक अंगणांत मी तो विचारलाय
आणि शंभरेक वेळा "नाही" ऐकलंय.
ती "नाही" म्हणाली नाही.
घरामागं घेऊन गेली.

फवारणीचा पंप. वीस लिटरचा, निळा,
वरून कोयत्यानं कापलेला, आत झेंडू.
"खायचं काही लावलं नाही त्यात,"
मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली.
"आन्सेल्मोसाठी आहे. मेलेल्यांच्या दिवशी लागतो."

पंप गळका होता. अकरा वर्षं
ते पाणी त्याच्या कण्यावरून खाली उतरायचं,
शर्ट वाळायचा, पुन्हा भिजायचा.
आधी नखं गेली. मग बटण लागेना.
मग कप धरला की बशी वाजायला लागली.
"आम्ही हसायचो," ती म्हणाली,
"म्हणायचो, चला, चर्चची घंटा झाली."
डॉक्टरनं कारण लिहून दिलं नाही.
मीही लिहिलं नाही. फॉर्म मातीचा आहे.

आणि माती बोलत होती.
चालूमच्या सावलीत बूट घोट्यापर्यंत रुतला.
पाचोळा उचलला तर खाली पांढऱ्या बुरशीची जाळी,
गांडुळं, आणि तो वास,
जुन्या माठाच्या बुडाशी असतो तसा.
वर फांद्यांत उत्तरेकडून आलेली इवली पिवळी पाखरं
फळं पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांचा हिशेब चुकता करत होती.
खाली ओढा. त्यात टरफलांचा चोथा नव्हता,
तो वर खड्ड्यात निवांत कुजत होता.
मी बाटलीत पाणी भरलं, नमुना म्हणून,
आणि ओंजळभर प्यायलो, नमुना म्हणून नव्हे.

मग कुंपण.
पलीकडं जमीन चाई पडल्यासारखी, पिवळी, कडक.
शेजारी एऊसेबियो. तो अजून फवारतो.
त्याला मजूर मिळत नाहीत,
आणि तण काही कुणासाठी थांबत नाही.
वारा कुंपण मानत नाही,
म्हणून तिच्या कडेच्या ओळीत प्रत्येक झाडाला लाल धागा.
या ओळीचं फळ वेगळं तोडायचं, वेगळं वाळवायचं,
सेंद्रिय म्हणून विकायचं नाही.
"मोजा," ती म्हणाली.
त्रेचाळीस झाडं. त्रेचाळीस धागे.
मी खूण केली. खूश होतो. इतकी शिस्त क्वचित.

चुलीशी तिनं कॉफी दिली,
दालचिनी आणि गुळाचा खडा घातलेली.
चांगली लागली, तेच वाईट झालं.
"ही कुठली?" मी सवयीनं विचारलं.
"लाल धाग्याची."
आणि मग जरा सबुरीनं, लहान मुलाला सांगावं तसं,
"स्वच्छ पोती खाली जातात, बोटीनं, हॅम्बुर्गला.
त्यांना भाव आहे. ही कोण घेणार?
घरी लागतेच की."

अठरा पानांत याला जागा नाही.
मी कप संपवला.
शिक्का मारला. शिक्का खरा होता.
खाली येताना गुडघे थरथरले,
उतारानं असेल.

पुढच्या वर्षी पुन्हा मीच.
कुंपणाशी पोचलो तर तिच्या ओळीला एकही धागा नाही.
मी फॉर्म उघडला, पेनाचं टोपण दातांत धरलं.
ती काही बोलली नाही,
हनुवटीनं पलीकडं दाखवलं.

पलीकडं, एऊसेबियोच्या हद्दीत,
गुडघ्याएवढं गवत,
दोन ओळी झाडांना लाल धागे,
गाठी वेड्यावाकड्या,
बोटं नीट वळत नाहीत अशा माणसानं मारलेल्या.